पेर्दुदियाची मुळी थंड पाण्यात पुन्हा तपासणेबाबत

प्रति,
मा. परवाना निरीक्षक,
आरोग्य कचेरी, सांता रुफीना बाजार,
असुन्सिओन.

विषय: गरम थर्मासातल्या काढ्यावरून बंद केलेला माझा जडीबुटीचा ओटा परत मिळणेबाबत.
संदर्भ: आपली नोटीस, जी आपल्या शिपायाने माझ्या खलबत्त्यालाच चिकटवली.

महोदय,

माझा भाचा डॉ. विल्फ्रीदो याच्या वागणुकीविरुद्ध तक्रार करते की, गेल्या महिन्यात तो पेर्दुदियाची मुळी न्यायला आला, गालाचा मुका घेऊन "मावशी, तुझ्यासारखी मुळी अख्ख्या बाजारात नाही" असे म्हणाला, आणि त्याच मुळीविरुद्ध त्याने आपणाकडे अहवाल धाडला.

१. अहवालात म्हटले आहे की, रक्त पातळ करणारी गोळी रक्तातल्या प्रथिनाला धरून असते; माझी मुळी तिथे जाऊन चिकटते आणि गोळीला हुसकावते, मग सुटलेली गोळी रक्त नको तितके पातळ करते. त्यावरून माझा ओटा बंद झाला व सोमवारी तो दुसऱ्या बाईस देण्याचे ठरले. सदर ओट्यावर मी अडतीस वर्षे लोकांच्या बर्फगार तेरेरे पेयात घालायच्या मुळ्या कुटून देत आहे.

२. सबब मी स्वतः प्रयोगशाळेत गेले. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. प्रथिनाच्या कुपीवर न दिसणारा प्रकाश टाकला की प्रथिन उजळते. औषध त्याला चिकटले की उजेड मंदावतो. यंत्र तेवढे मोजते. हे विल्फ्रीदोने मला तीनदा समजावले. मला पहिल्या खेपेसच कळले होते.

३. मुळीचे पाणी दाखव म्हटले, तर त्याने बाटली काढली. काळीकुट्ट! "हे काय रे?" तर म्हणतो, "मावशी, तपासणी सकाळी सातला होती. हातात सकाळच्या माते चहासाठीचा गरम पाण्याचा थर्मास होता, त्यातच टाकली." जी मुळी आपण सगळे उन्हाचे कुटून बर्फाच्या पाण्यात घालतो, ती या पदवीधराने वाफाळत्या पाण्यात तासभर कोंडली. त्याची आई जिवंत असती तर तिने थर्मासच डोक्यात घातला असता.

४. मग मी त्याला फर्मावले, "प्रथिनाची कुपी एकटी ठेव. तिच्यापुढे, प्रकाशाच्या वाटेत, ही काळी बाटली धर. एक थेंबही मिसळायचा नाही." आकडा पूर्वीइतकाच खाली आला. मुळी प्रथिनाला शिवलीसुद्धा नव्हती, महोदय. उजेड काढ्याच्या रंगाने गिळला होता. विल्फ्रीदो कान खाजवत म्हणाला, "रंग वजा करायचा राहिलाच की." त्याचे वजा करायचे राहिले आणि माझे दुकान गेले.

५. हाच न्याय लावायचा तर आपल्या कचेरीच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, ते काचेवरची धूळ सूर्याला चिकटल्यामुळे. तरी सूर्यावर नोटीस डकवून तोही सोमवारपासून बंद करावा. शिपायास शिडी मी देईन.

६. तरी विनंती की, मुळी माझ्यासमोर कुटून, थंड पाण्यात घालून, रंग वजा करून पुन्हा तपासावी. तेव्हाही ती गोळीला हुसकावताना आढळली, तर पोते मीच कचऱ्यात रिकामे करीन, कोणी सांगायला येऊ नये. निकाल लागेतो ओटा कोणास देऊ नये. दिलाच, तर तिथे बसणाऱ्या बाईच्या मांडीशेजारी मी रोज खुर्ची टाकून बसेन. माझे तोंड कसे चालते ते आपल्या शिपायास विचारावे.

आपल्या उत्तराची वाट बंद ओट्यावर बसून पाहणारी,
देओदोरा ओवेलार
१४ जानेवारी

सोबत: १) काळ्या काढ्याची बाटली, २) तीच मुळी थंड पाण्यात, पेल्यासह. दोन्ही उजेडात धरून पाहावीत. दुसरी प्यायल्यास हरकत नाही. मात्र गोळी चालू असल्यास निकालापर्यंत थांबावे.

प्रत: डॉ. विल्फ्रीदो. त्यास समोर उभे करून सर्व वाचून दाखविले व तोंडावर सांगितले: "सोमवारी माझ्या ओट्याशी ये आणि सगळ्या बाजारादेखत मुळी कुट. कुटता आली तर डॉक्टर म्हणेन. नाही तर तू नुसता माझ्या बहिणीचा पोरगा."