तीन पायऱ्यांखालची माती

४ ऑगस्ट

आज मागचा वाफा खणायला घेतला. कुदळ रुतली ती दोन्ही हातांनी ओढून काढावी लागली. ओली असली की गोंद, वाळली की दगड – अशी ही चिकणमाती. ही दारातल्या खुर्चीवरून बघत होती. "अहो, ओल्यात खणू नका, ढेकळं होतील." ऐकलं नाही.

लेकीचा फोन. तेच पालुपद – "बाबा, आई किती दिवस अशी घरात कोंडून राहणार? आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे. नोव्हेंबरअखेर मी तिला घेऊन जाणार. तुम्हीही चला." ही हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मागच्या दाराच्या मधल्या पायरीवरून पडली, कमरेचं हाड मोडलं, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात चालते; बाग सुटली आणि बोलणंही कमी झालं.

मी मनाशी ठरवलंय. नोव्हेंबरपर्यंत हिचा वाफा पुन्हा उभा करायचा. मग ही कशाला जातेय!

७ ऑगस्ट

ढेकळं झाली. ही नुसती बघून आत गेली. बोलली असती तर परवडलं असतं.

१३ ऑगस्ट

ढेकळं फोडली, चाळलेली वाळू आठ घमेली घातली, कालवली, वरून पाणी मारलं, फळीने सारखं केलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. मला कालवायला कोणी शिकवायला नको.

१९ ऑगस्ट

वाफ्यावर थापी आपटली – खणखण वाजला. शेजारच्या, रोपं विकणाऱ्या बाई कुंपणावरून डोकावल्या. "काका, फरशी कधी बसवताय?" हिला इतकं हसू आलं की कमरेला हात लावून खुर्चीत बसली. किती महिन्यांनी हसली! माझी फजिती झाली ती वसूल झाली.

मग दोघींनी मला शाळेत घातलं. वाळूचं नाव काढायचं नाही. शेणखत, पालापाचोळा, भुसा. माती मुठीत दाबून बघायची, बोट लावल्यावर सुटली तरच खणायचं. आणि वाफ्यात पाय द्यायचा नाही.

जन्मभर धरून ठेवायचं शिकलो. सुटं करायला आता शिकतोय.

२१ सप्टेंबर

गांडूळ सापडलं! वाटीत घालून हिला दाखवायला नेलं. "अहो, घरात कशाला आणलंत? सोडा आधी." पण वाटी बराच वेळ तिच्याच हातात होती.

८ ऑक्टोबर

मुळ्याचं बी टाकलं. ही दारातून ओळ सांगते, मी खाली ओढतो. "डावीकडे... अहो, तुमचं डावं!"

९ नोव्हेंबर

पानं वीतभर. लेक फोनवर विचारते, "आईची बॅग भरायला येऊ का?" मी विषय बदलला.

२० नोव्हेंबर

पहिला मुळा उपटला. सरळ, कुठे फाटा नाही. धुऊन हिच्या हातात दिला. "छान आलाय," म्हणाली आणि बाजूला ठेवला.

मला राहवलं नाही. "जायचं ठरवलंस ना?"

"आठ घमेली वाळू खाली नेलीत. खत नेलंत, पाला नेलात. मला नेलंत का एकदा तरी? तिथे निदान मातीपर्यंत पोचेन."

मी पायऱ्यांकडे बघत बसलो. तिन्ही उंच, माझ्या हातच्या. एकतीस वर्षांत एक तडा नाही. ही पडली तेव्हा दवाखान्यातसुद्धा मी सगळ्यांना सांगत होतो – पायरीचा दोष नाही, हिचा पाय घसरला.

२४ नोव्हेंबर

तिन्ही पायऱ्या फोडल्या. त्या जागी उतार केला, एका अंगाला धरायला नळी बसवली. लेकीला फोन हिनेच केला – "ये, पण न्यायला नको. मुळे काढायला ये."

सिमेंटचा माल ओला आहे, आठवडाभर पाय ठेवायचा नाही, असं हिला बजावलंय. "वर्षभर थांबले," म्हणाली, "आठवड्याचं काय." वॉकर मात्र आत्तापासूनच दारात आणून ठेवलाय.