मजा न घेता वाजव

१४ मार्च, मंगळवार
वडील, आमचे टाटी, गेल्यावर आज पहिल्यांदा ड्रमवर बसलो. लाँग आयलंडचं लग्न, चारशे माणूस. आमच्यात वडील गेले की वर्षभर गाणंबजावणं ऐकायचं नाही. पण ज्याचं पोटच त्यावर, त्याने कामापुरतं वाजवावं. रब्बी झुसमाननी तसं सांगितलंय. फक्त मजा घ्यायची नाही.

मजा! बावीस वर्षं लग्नं वाजवतोय. नवरदेवाला खुर्चीसकट उचलतात, घामेजलेले मामे ड्रमवर येऊन आदळतात. इथे मजा ठेवलीय कुणी? वाजवलं. कुगल गार झालं होतं, तेच खाऊन घरी आलो.

२ मे, मंगळवार
ओमेरचे, म्हणजे दरवर्षीच्या शोकाचे आठवडे. आता आमच्या साऱ्या फ्लॅटबुश वस्तीलाच गाण्याची बंदी. लग्नं नाहीत, वादकांची तोंडं उतरलेली. मला मात्र चक्क हायसं वाटतंय. थकलो असेन.

२८ मे, रविवार
शब्बाथला लेखणी धरत नाही, म्हणून आज लिहितोय. शुक्रवारी रात्री जेवताना बायकोने, ब्लिमीने, टाटींचं आवडतं शब्बाथचं गाणं सुरू केलं; तेवढं सुतकातही चालतं. मुलं गायला लागली. त्या रात्री वाद्याला हात लावायचा नाही, म्हणून टाटी टेबल बडवायचे. उजव्या तळव्याने! चमचे उडायचे, आई करवादायची. मी ताल शिकलो तो तिथेच. पुढे ड्रम आणले तर म्हणाले, "गोंगाटच करायचाय ना? टेबल आहे की घरात."

एकदाही ऐकायला आले नाहीत. माझ्या 'बिनखमीर' बँडच्या एकाही कार्यक्रमाला नाही.

परवा मीही हात टेबलावर ठेवला. मुलं वाट बघत होती. उचललाच गेला नाही. मेला हात!

१० सप्टेंबर, रविवार
शाया आला होता. येशिवा पाठशाळेतला जुना दोस्त, 'बिनखमीर'चा गायक. पोरवयात आम्ही दोघांनी स्तोत्रं इलेक्ट्रिक गिटारवर चढवली, तेव्हा हाकलून द्यायचंच बाकी ठेवलं होतं. बँड किती वर्षं बंद पडलाय. आता त्याच्या डोक्यात खूळ — हनुक्काच्या सणाला पुन्हा उभं राहायचं. हॉलसुद्धा बघून आला.

म्हटलं, सुतक आहे माझं. लग्नं पोटासाठी, ती चालतात. बिनखमीर पोटासाठी नव्हतं कधीच.

"मग रब्बींना सांग, हेही कामच आहे. तू नसशील तर मी नाही गाणार. मशीनच्या ठोक्यावर तर मुळीच नाही."

तो गेल्यावर ब्लिमी म्हणाली, "घरात भुतासारखा फिरतोस. विचारून तरी ये." तिला कळतं सगळं. लग्नांत काही वाटत नाही, ते ठीक. लग्नंच ती. पण बिनखमीर म्हणजे माझं खरं वाजवणं. ही एक रात्र मला हवीच आहे. ती मिळाली की मी माणसात येईन.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
रब्बींकडे गेलो. त्यांनी चहा पुढे केला, सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"वाजवताना मजा येते?"

"नाही, रब्बी. काम आहे ते."

साफ खोटं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटं टेबलावर ताल धरून होती, मला पत्ताच नाही! त्यांनी त्यावर आपला हात ठेवला.

"ही काय म्हणतायत?"

"सवय."

 शेवटी म्हणाले, "जा, वाजव. पण मजा न घेता."

जिना उतरताना हसू आवरेना. वडिलांच्या सुतकात रब्बींना फसवलं. नरकात जाईन. जाऊ दे, आधी वाजवतो.

३ डिसेंबर, रविवार
सराव. शायाचा आवाज बसलाय. माझं ठीक चाललंय. सरावात कुठे काय वाटतं? गर्दी लागते.

१८ डिसेंबर, सोमवार
काल झालं. हॉल खच्चून. आमच्याच वयाची टक्कल पडलेली माणसं पोरांना खांद्यावर घेऊन नाचत होती.

पहिल्या गाण्यात वाट बघितली. म्हटलं, दुसऱ्यात येईल. मग तिसऱ्यात. हात चालत होते, ठोका एक चुकला नाही. आमचं सगळ्यात जुनं स्तोत्र आलं, सगळा हॉल रडत-गात होता. मी गाडीचं टायर बदलायचंय याचा विचार करत होतो. निदान रडू तरी यायचं! तेही नाही. उतरल्यावर शायाने मिठी मारली. म्हणाला, इतकं सफाईने तू जन्मात वाजवलं नव्हतंस.

आज सकाळी टाटींसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला सिनेगॉगमध्ये गेलो. दारात रब्बी. म्हटलं, "तुमची अट पाळली."  त्यांनी माझा हात हातात घेतला, त्या दिवशीसारखाच. बोटं गप्प होती.

खोटं बोललो नव्हतो मी त्यांच्याशी.

२८ जानेवारी, रविवार
परवा सुतकाचं वर्ष संपलं. शायाने फोन केला, पुढचा कार्यक्रम ठरवू म्हणाला. त्याला दुसरा ड्रमर बघायला सांगितलं.

संध्याकाळी आईकडे निघालो. ब्लिमीने गाडीत गाणं लावलं — आमचंच, पहिलं. मी बंद केलं.

"अरे, आता कुणाची बंदी आहे?"

कुणाचीच नाही, म्हटलं.