मामीच्या नाकावरचं पाणी

मारुंजी, ५ मार्च २०२४

ती. भिमाजीमामांस,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी खरं सांगणार नाही, म्हणून हा कागद. काल मामी आमच्या लॅबमध्ये आली होती. तिच्या नाकाजवळचा काळपट डाग आमच्या टेराहर्ट्झ यंत्राखाली पाहिला. या लहरी एक्स-रेसारख्या हाडापर्यंत जात नाहीत. कातडीच्या वरच्या थरात पाणी कुठं जास्त आहे तेवढं दाखवतात. डागात जास्त दिसलं. कॅन्सरमध्ये असं दिसू शकतं. यंत्र अजून चाचणीत आहे, खात्री तुकडा तपासूनच होईल, म्हणून डॉक्टरांनी बोलावलंय. पण पाणी हा शब्द ऐकला आणि मामी उठलीच. म्हणाली, पाण्याचं आमच्या मालकांना विचारल्याबिगर कुणाला खणू देणार न्हाई.

तुम्हीच समजवा. माया असू द्या.
तुमची, स्वरूपा

चाकण, ११ मार्च

चि. स्वरूपास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मामी बोलली त्यात खोटं काय? चाळीस वर्सं मी तळहातावर नारळ आडवा धरून पाणी दावतोय. पाणी असंल तितं नारळ उभा ऱ्हातो. कंपन्यांचे सायबसुदीक बोअर मारायच्या आधी मला गाडी धाडत्यात. तुझं यंत्र कातडीखाली बघत न्हाई; दोनशे फूट बघणाऱ्यानं त्याचं का ऐकावं? काल मामीला ओसरीवर निजवली अन् नाकावर नारळ धरला. न्हाई उभा ऱ्हायला. शेजारची शालनबाई साक्षीला हुती. मामीनं गल्लीत पेढे वाटले.

राग धरू नगंस. सवडीनं जेवायला ये.
भिमाजी

मारुंजी, १६ मार्च

ती. मामांस, सा. न.

मामा, नारळ दोनशे फुटांवरचं दाखवतो ना? मामीच्या नाकाखाली दोनशे फुटांवर चाकणची जमीन आहे, मामी नाही! डाग डोळ्याकडे सरकतोय. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, मला मामीनं वाढवलं. मला दुसऱ्यांदा पोरकं व्हायचं नाही. फार भीती वाटते, मामा.

स्वरूपा

चाकण, १५ एप्रिल

चि. स्वरूपास, आशीर्वाद.

मामीचे टाके निघाले. तुकड्यात कॅन्सरच निघाला, पर डॉक्टरांनी पुरा काढला, हे तुला ठावं हायच. ठावं न्हाई ते लिवतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मामीला म्हनलं, मागच्या बारीला अमावास्या हुती, परत धरू. धरला. न्हाई उभा ऱ्हायला. मी अंगठ्यानं उभा केला. चाळीस वर्सांत पहिल्यांदा. मामीनं बघितला अन् दवाखान्यात जायला पिशवी भरली. आता गल्लीतली माणसं मस न् चामखीळ घेऊन आमच्या दारात बसत्यात. डॉक्टरकडं जा म्हनलं तर हलत न्हाईत, नारळ उभा केला की जात्यात. येत्या सोमवारी अकरा जण तुझ्याकडं येतील, सांभाळून घे.

परवा एकानं बोअरसाठी नेलं. शेतात नारळ उभा ऱ्हायला, पर पाण्यानं का अंगठ्यानं, मलाच कळंना. मला सांगता येत न्हाई म्हनलं अन् घरी आलो. आता पाणी दावणं सोडलं. मामीला कारण सांगू नगं. तिला नवऱ्याचा लई अभिमान हाय.

एवढा लोभ कर.
तुझा मामा, भिमाजी