नायब

आबा, तुम्ही नायब सुभेदार झालात त्या संध्याकाळी भिंगारच्या क्वार्टरात आई शेंगोळे वळत होती आणि तुम्ही खांद्यावरची नवी फीत काढून माझ्या तळहातावर ठेवली होती. मी नववीत. "म्हणजे सुभेदाराच्या खालचा?" असं मी विचारलं, तर तुमचा चेहरा उतरला. "खालचा न्हाई, बाय. सुभा सांभाळतो तो सुभेदार. तो नसला की त्याच्या जाग्यावर उभा ऱ्हातो तो नायब. आधी जमादार म्हनायचे. नाव बदललं, काम तेच हाय. जागा रिकामी पडू द्यायची न्हाई." आई म्हणाली, "मग ताटावर बसा की, तीबी जागा रिकामीच हाय." तुम्ही लई हसलात.

तुमचा नातू तुम्ही पाळण्यातच पाहिलात. तो लेफ्टनंट झाला, आबा. परेड संपल्यावर मैदानातच मला म्हणाला, "आई, हा शब्द फ्रेंचांचा. दुसऱ्याच्या जागी उभा असलेला. म्हणजे आजोबा नायब आणि मीही नायबच." मी पदराने त्याच्या खांद्यावरचे तारे पुसले. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसले.

गेल्या हिवाळ्यात त्याची गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली. त्याला नगरला आणलं तेव्हा पेटी उघडू नका म्हणाले. पंधरवडा होतो न होतो तोच एक फोन आला. "आई, मी त्यांच्या जागी आलोय. जवान तुमची विचारपूस करतात." आवाज अगदी कोवळा. मी "जेवलास का?" एवढंच विचारलं.

तुमचं खरं निघालं. तिथली जागा भरली. इथे त्याच्या कॉटवर मी वाळलेले कपडे ठेवून पाहिले, लगेच उचलले. लोक म्हणतात, अभिमान बाळगा. बाळगते, आणि दिवसभर तोंड धुवायचं राहून जातं. या घरात कुणी नायब येणार नाही, आबा, आणि मला आणखी किती वर्षं काढायची आहेत, कुणास ठाऊक.

ते नवं पोरगं दर रविवारी फोन करायचं. या रविवारी आला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: मी सकाळपासून फोनपाशी बसून होते, आणि वाट माझ्या पोराची पाहत नव्हते.