ताई, माझ्या डोळ्यात अळी आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरीणबाईंनी मनाई केली आहे, कागदावर वाकलो असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून, आणि माझ्यापायी बाकीचे सोडून.

झालं असं की, मागच्या महिन्यात दुकानात हेडमास्तरांची दाढी करत होतो. (तेच, वीस वर्षं कल्ले सारखे नाहीत म्हणणारे.) वस्तरा त्यांच्या गळ्यावर, आणि माझा उजवा हात आपोआप उड्या मारायला लागला. शुद्ध जाण्याआधी एवढंच सुचलं की वस्तरा लांब फेकायचा. तो आरशावर बसला, आरसा फुटला, मी कोसळलो आणि मास्तर अर्ध्या फेसानिशी "मारलं, मारलं" करत रस्त्यावर पळाले. जाग आली तेव्हा शेजारचा घड्याळजी माझ्या छातीवर बसला होता. मला धरून ठेवायला, म्हणे.

स्कॅनमध्ये मेंदूत चार गाठी निघाल्या. प्रत्येकीत पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या लांब जंताची, एकेक अळी. मांडीतही आहेत, पण तिथे शरीराने त्यांच्याभोवती गुपचूप चुन्यासारखं कवच चढवून त्यांना संपवलं. मला पत्ताही लागला नाही. मेंदूतल्या मात्र जिवंत होत्या तोवर गप्प होत्या. मरायला लागल्या तेव्हा शरीर खडबडून जागं झालं, सूज आली आणि झटका आला. मी विचारलं, "म्हणजे मला अळीने नाही, माझ्याच शरीराने पाडलं?" बाई म्हणाल्या, "दोघांनी मिळून."

अळी मारायची गोळी आहे, शरीराला आवरायचीही आहे. पण पाचवी अळी डाव्या डोळ्यात आहे. ती आत मेली तर येणारी सूज डोळाच घेऊन जाईल. म्हणून आधी ऑपरेशन, मग गोळ्या. वस्तरा वर्षभर बंद. मास्तर भेटायला आले होते, दाढी वाढवून. "तू बरा होईपर्यंत राहू दे," म्हणाले, आणि खुर्ची माझ्यापासून दोन हात लांब ओढून बसले.

तू काळजी करू नकोस. यायची तर मुळीच गरज नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. ज्याच्या आतड्यात तो लांब जंत असतो त्याला बहुधा काहीच होत नाही, पण त्याच्या हातावरून अंडी दुसऱ्याच्या ताटात जातात. इथे आम्हा सगळ्यांची शौचाची तपासणी झाली, कुणातच काही नाही. आई गेल्यावर चार महिने स्वयंपाक तूच करत होतीस. तेव्हा तेवढी तपासणी करून घे. एक छोटी डबी लागते. लाजू नकोस.

पुन्हा ता.क. मी रागावलेलो नाही. त्या दिवसांत तू भरवलं नसतंस तर आम्ही कुणी जेवलोच नसतो. जंत निघाला तर औषध घे, आणि निघो न निघो, ये. ऑपरेशन सोमवारी आहे. मला फार भीती वाटते आहे, ताई.