राखेची बांधी

३ ऑगस्ट १९७९
आलो एकदाचा! भंडाऱ्याहून एसटीनं करडी, पुढं दोन कोस चिखलातून पायी. गाव चिमुकलं, पण खोली झकास. घरमालकीण सत्यभामाबाई एकट्याच असतात. मी बॅग टेकवायच्या आत त्यांनी वरण-भात वाढला, मीही लाज न बाळगता दोनदा घेतला. माझं काम मातीतले बारीक जीव मोजायचं. आई म्हणते, एम.एस्सी. झाला आणि गांडुळं मोजायला लागला. म्हणेना का! खिडकी थेट बाईंच्या बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावर उघडते.

५ ऑगस्ट
बांधीत दहा खड्डे खणले. एक गांडूळ नाही, मुंगीसुद्धा नाही. पळसाची जुनी पानं कोरीच्या कोरी पडलीत, कुजवायला कुणी उरलंच नाही. कारण कळलं. भंडाऱ्यातल्या एका पितळेच्या कारखान्यातून भट्टीची राख खत म्हणून बैलगाडीनं येते. फुकट ते पौष्टिक! सहा वर्षं तांबं, जस्त, शिसं मातीत मुरतंय. बांधीचं पाणी गावच्या विहिरीकडे झिरपतं हे पाहिलं आणि हसू मावळलं.

९ ऑगस्ट
करडीहून आणलेली चाळीस गांडुळं सोडली. निम्मी बांधाकडे पळाली, उरलेली वेटोळी होऊन मेली. शेजारच्या डोमाजींना सांगितलं, राख थांबवा, चुना-शेणखत घाला, जीव परततील. ते थुंकले आणि म्हणाले, नव्या माणसानं आमच्या मातीत हात घालू नये. आता गावात मला कुणी पाणीही विचारत नाही. राग येतो. यांच्याच भल्याचं सांगतोय ना?

१४ ऑगस्ट
पळसाखालच्या कोपऱ्यात गुपचूप चुना-शेणखत घातलं होतं. आज तिथं तीन गांडुळं जिवंत! आनंदानं अजून खणलं. फडकं लागलं. फडक्यात वर्षाचं मूल. पापण्याही शाबूत —

१५ ऑगस्ट
बाईंना विचारलं. भात वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, सहा वर्षांमागं लेक तापानं गेला. लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. दर पोळ्याला त्या त्याला काढून न्हाऊ घालतात. "या राखेत किडा जगत नाही साहेब, म्हून माहा सोन्या तसाच हाये. तुमी काहून गांडूळ आनून राहिले?"
त्याच्यानंतर गावची आणखी अकरा लेकरं तिथं ठेवलीत. मी म्हणालो, ती विहिरीच्या पाण्यानंच गेली असतील.
म्हणायला नको होतं.

२० ऑगस्ट
एसटीपर्यंत जाऊ देत नाहीत. पांदणीवर, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेवर, डोमाजी बसलेले असतात. मी दिसलो की उठून आडवे येतात.

२२ ऑगस्ट, पोळा
भर दुपार. खिडकीतून दिसतंय. सोन्याला काढलं. हाताची बोटं नाहीत. माझी गांडुळं —
बाई रडल्या नाहीत. माझ्या खिडकीकडे पाहिलं.

बाहेरून कडी घातली. बायका फावडी घेऊन. खड्डा मोठा आहे, लेकराचा नाही. राखेची गाडी आली.

कडी निघाली. बाई ताट घेऊन आल्यात. म्हणतात, जेवून घ्या साहेब, उपाशी माणसाला पुरत —