पंधरा नावांपर्यंत फुकट

प्रिय शर्मिलाताई,

आधीच सॉरी बोलते. चुका खूप दिसतील. ऱ्हस्व-दीर्घ मी नववीच्या वर्गातच सोडून आलेय आणि टाईपिंग अजून दोन बोटांनीच चालतं, तू एवढं शिकवलंस तरी. हाताने लिहिलं असतं, पण माझं अक्षर तुला माहितीय. तूच बोलायचीस, कोंबडी गरम पत्र्यावरून पळालीय. तुझा फोन बंद येतो म्हणून हे प्रिंट काढून तुझ्या डब्याच्या पिशवीत घालतेय. डबा त्या दिवशी इथेच राहिला तुझा. घासून ठेवलाय. आई रविवारी जुईनगरला विहारात येणारे, ती तुला देईल.

त्या दिवशी तू कपाटाची चावी टेबलावर ठेवून निघालीस, त्यानंतरचं तुला माहीत नाही. मितेश तसाच बसला होता, बँकेच्या स्टेटमेंटवर लाल पेनाने गोल करत. झिंटारा सॉफ्टवेअर, दर महिन्याला नऊशे नव्याण्णव. तू असताना बोलला तेच परत बोलत होता, की काका, इथे सॉफ्टवेअर कोणाला कळतं, बाई संध्याकाळी बाहेरच्यांचं जीएसटी भरते ना, त्यालाच घेतलंय आपल्या खात्यातून. तुझ्यावर ओरडून शेठचा घसा बसला होता. बाहेर सदूमामा आणि बाकीचे ड्रायव्हर मालाची बिल्टी घ्यायला उभे होते ना, ते एकमेकांकडे न बघता चहा पीत होते. मला वाटलं दोन दिवसांनी शेठ शांत होतील, तुला फोन करतील. तसं झालं नाही. उलट त्या कॉइलवाल्याचा फोन आला, ज्याच्याकडे तू कामाचं विचारायला गेलीस. मी समोरच बसले होते. तो विचारत असणार बाई कशी आहे. शेठ नुसतं हं बोलले आणि फोन ठेवला. ताई, शिवी दिली असती तरी चाललं असतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्या एका हं वर तुला कोण कामाला ठेवणार?

मग मी ठरवलं की झिंटारा कोण आहे ते शोधायचं. डोकं बिकं नाही चालवलं काही, नुसती घाबरत होते आणि विचारत होते. कॅश भरायला बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मॅडमला तोंडाने विचारायला जमेना, म्हणून चिठ्ठीवर लिहून काचेखालून सरकवलं. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. हातवारे करून सांगायला लागली बिचारी. मग बोलली, अगं हे ऑटोपे आहे, कोणीतरी मोबाईलवर पिन टाकून परवानगी दिलीय, आता ते दर महिन्याला आपोआप कापणार. झिंटारा हे कंपनीचं नाव, ॲपचं नाव वेगळं असेल, ज्या मोबाईलवरून झालं त्यातच दिसेल. आणि त्या मोबाईलचा नंबर सांगितला. तो तुझा नव्हता. ऑफिसचा पण नव्हता. शेठचा जुना फोन, जो त्यांनी पुतळाआजीला भजनं बघायला दिलाय.

मग रोडपालीला शेठच्या घरी गेले. मितेश तिथेच राहतो. त्याला कळलं असतं तर माझी पण चावी टेबलावर. आणि आईचं तर तुला माहितीय, सध्या माझ्याच पगारावर चाललंय आमचं. पण तो घरी नव्हता. आजीला बोलले, तुमचा फोन अपडेट करायचाय. ती खूश. म्हणाली, बस गो पोरी, आदी माजे नातीच्या, मनस्वीच्या हलदीची पत्रिका बग, मी रोज बगतंय. आणि ती व्हिडिओवाली पत्रिका लावली. तुला पण आली होती ना एप्रिलमध्ये? ढोलकी वाजते, मनस्वीचा फोटो फिरतो आणि मग नावं सुरू होतात. काका, मामा, आत्या, गावकीचे, क्रिकेट टीमचे, संपतच नाहीत. मी सहज बोलले, आजी, केवढी नावं! तर ती सांगायला लागली. त्या मोबाईलमदी पंधराच नावं फुकट व्हती. पंधरात काय व्हतंय? आमचे आत्याच सात. कोनाचं नाव राहिलं त हलदीला कोन येल? मंग मितेश बोलला एक रुपया भरला का पायजे तेवडी नावं टाका. तुजे शेठला चष्मा सापडंना, तसंच पिनचं नंबर दाबलंन.

ताई, मी लगेच फोन चाळला. ॲपचं नाव काहीतरी शुभकार्य असं होतं. पैशाच्या ॲपमध्ये ऑटोपे उघडलं तर तिथे लिहिलेलं, झिंटारा, पहिले सात दिवस एक रुपया, नंतर दर महिना. सुरू झाल्याची तारीख, ज्या दिवशी पत्रिका बनली तीच. मितेशच्या लक्षात राहिलं नाही की त्याने लक्षात ठेवलं नाही, ते मला सांगता येणार नाही.

आजीकडून फोन मागून घेतला आणि ऑफिसला आले. पूर्ण रस्ता मनात वाक्य पाठ करत होते आणि शेठच्या केबिनमध्ये गेल्यावर एक शब्द फुटेना. मितेश बोलला, काय गं, काय पाहिजे? मी फोन टेबलावर ठेवला आणि ती पत्रिका लावली, फुल आवाजात. ढोलकी सुरू झाली तसे बाहेरचे सगळे दारात आले. शेठ ओरडले, येडी झाली काय? मितेश फोन घ्यायला वाकला तर मी फोनवर हात ठेवला. मग ऑटोपेचं पान काढून शेठसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. मितेशला एवढंच बोलले, एक रुपया बोललास ना तू मला? मितेश बोलला, काका, टर्म्समध्ये होतं. शेठ बोलले, तुझी टर्म गेली खड्ड्यात, बाहेर जा.

मग मला बोलले, तिला म्हण सोमवारपासून ये, झालं ते झालं. मला तिथेच निघता आलं असतं. पण तो हं डोक्यात होता. मी बोलले, शेठ, तुम्ही तिला सगळ्यांसमोर बोललात. आवाज एवढासा आला पण आला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं खुर्ची बोलली. म्हणाले, मग काय करू, बॅनर लावू काय आता तिचा? सदूमामा दारातून हसले. आणि मी हो बोलले.

शेठनी चष्मा काढून पुसला. मग बोलले, बनव.

तर ताई, बनवलंय. त्याच ॲपमध्ये. ऑटोपे मी बंद केलं, पण भरलेला महिना मंगळवारपर्यंत आहे. शेठचा हात जोडलेला फोटो, खाली ‘जाहीर खुलासा. आमच्या खात्यातून गेलेल्या पैशांशी शर्मिलाताईंचा काही संबंध नाही. चूक माझी होती.’ त्याखाली सगळ्यांची नावं, सदूमामा, धनाजी, क्लीनर पोरं, चहावाला पण बोलला माझं टाक. पंधराच्या वर गेली. मितेशचं घालू का विचारलं तर शेठ बोलले, सगळ्यात वर घाल. प्रिंट पिशवीत आहे, डब्याखाली, बघ. अजून कोणाला पाठवलं नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. हे मार्केटच्या ग्रुपवर गेलं तर ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांना पण कळेल की काहीतरी झालं होतं. नाव तुझं आहे, मी कोण ठरवणारी? नको असेल तर शेठ तुझ्या घरी येऊन तुझ्या आईबाबांसमोर बोलतील, आणि त्या कॉइलवाल्याला माझ्यासमोर फोन करतील, कबूल झालेत. कामावर परत यायचं की नाही ते वेगळं, ते मी विचारत पण नाही. फक्त मंगळवारच्या आत आईकडे निरोप दे, हो किंवा नको. आणि अगं, वजनकाट्याजवळच्या भुऱ्या कुत्रीला पिल्लं झालीत, सदूमामांनी एकाचं नाव मितेश ठेवलंय, काही झालं नसलं तरी सगळ्यांच्या आधी तोच केकाटतो.

तुझीच,
क्रांती